चेसापीक खाडीच्या कैफियती

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मेरीलँड आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांना चिरत सुमारे तीनशे किलोमीटर आत शिरलेली चेसापीक नावाची जी विस्तीर्ण खाडी आहे, तिच्या इतिहासाची साधने दोन जातींची आहेत, आणि या दोन जातींचा परस्परांशी आजवर फारसा परिचय झालेला नाही. पहिली जात सरकारी दप्तराची. कालवे काढण्याच्या परवान्यांच्या नोंदी, विधिमंडळाचे कायदे, गस्तीच्या नौकांचे अहवाल, खाडीच्या तळाची मोजणी करणाऱ्या अधिकाऱ्यांचे नकाशे आणि दरसाल किती बुशेल माल निघाला याचे तक्ते, असा हा सारा कागद विपुल आणि व्यवस्थित आहे. दुसरी जात तोंडी कैफियतींची. हा धंदा डोळ्यांदेखत मावळू लागला त्या दशकांत सेंट मायकल्स येथे १९६५ मध्ये स्थापन झालेले चेसापीक खाडी सागरी संग्रहालय, सॉलोमन्स येथील कॅल्व्हर्ट सागरी संग्रहालय आणि त्यांच्यासारख्या काही संस्था यांनी वृद्ध कालवे काढणाऱ्यांना, नौका बांधणाऱ्या सुतारांना आणि कालवे सोलणाऱ्या स्त्रियांना बोलते करून त्यांचे शब्द ध्वनिफितींवर उतरवून घेतले. दप्तर वाचले म्हणजे खाडी लुटली कशी गेली ते कळते. परंतु ज्यांनी ती लुटली असे दप्तर म्हणते त्यांच्या मनात काय होते, ते कोणत्या भयाने आणि कोणत्या अभिमानाने वागत होते, हे कळायला कैफियतींखेरीज दुसरा मार्ग नाही. या दोन साधनांची गाठ घालून पाहिले असता जो वृत्तान्त हाती येतो तो येथे सांगायचा आहे.

प्रथम कालवाचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे, कारण पुढचे सारे कलह त्यातून उद्भवले. ससक्वेहाना, पोटोमॅक, रॅपाहॅनॉक इत्यादी नद्यांचे गोडे पाणी आणि अटलांटिकचे खारे पाणी यांच्या मिश्रणाने चेसापीकमध्ये जो मचूळपणा येतो तो कालवांना अत्यंत मानवतो. कालवाचे पिल्लू जन्मल्यावर दोनतीन आठवडे पाण्यात तरंगते आणि मग एखाद्या कठीण पृष्ठभागाला कायमचे चिकटते. खाडीचा तळ बहुतांशी चिखलाचा असल्यामुळे हा कठीण पृष्ठभाग म्हणजे बहुधा आधीच्या पिढीचीच शिंपली. अशा रीतीने पिढीवर पिढी चढून सहस्रावधी वर्षांत कालवांची प्रचंड खडपे तयार झाली. याचा अर्थ असा, की जो माणूस कालव काढून शिंपला किनाऱ्यावरच ठेवतो तो त्या वर्षाचे पीक तर नेतोच, शिवाय पुढच्या पिढीची जमीनही नेतो. आपल्या कोकणातल्या खाड्यांत ओहोटी लागली की बायका खडकांवर उतरून कालवे फोडतात, कारण तेथे भरतीओहोटीचे अंतर मोठे असून खडक उघडे पडतात. चेसापीकमध्ये ते अंतर अवघे दोनएक फूट असल्यामुळे बहुतेक खडपे सदैव पाण्याखाली राहतात, आणि म्हणून तेथे हा उद्योग आरंभापासूनच होडी, अवजार आणि पुरुषी अंगबळ यांच्या अधीन झाला.

त्यांतले सर्वांत जुने अवजार म्हणजे लांब दांड्यांचा चिमटा. पंधरापासून पंचवीसएक फुटांपर्यंत लांबीचे दोन लाकडी दांडे कात्रीसारखे जोडलेले, आणि त्यांच्या टोकांना लोखंडी दाते असलेल्या दोन पंजांची टोपली. थंडीच्या दिवसांत अरुंद होडीच्या काठावर उभे राहून, पाय रोवून, हे दांडे तळापर्यंत सोडावयाचे, उघडमीट करून कालवे पंजात गोळा करावयाची, ओझे वर ओढून फळीवर टाकावयाचे, आणि पुन्हा सोडावयाचे. असे दिवसभर चाले. सप्टेंबर ते एप्रिल हा कालवांचा मोसम. उन्हाळ्यात हेच लोक खेकड्यांच्या मागे जात. म्हाताऱ्या चिमटेकऱ्यांच्या कैफियतींत एक गोष्ट पुनःपुन्हा येते, आणि ती कोणत्याही सरकारी अहवालात नाही. डोळ्यांना न दिसणारा तळ त्यांना दांड्यातून हाताला कळत असे. चिखल लागला, वाळू लागली, मेलेली शिंपली लागली की जिवंत कालवे लागली, हे दांड्याच्या थरथरीवरून ते सांगत. आणि किनाऱ्यावरचे एखादे झाड व दूरच्या प्रार्थनामंदिराचे शिखर एका रेषेत आणून आपली खडपे ओळखत. हे ज्ञान बापाकडून मुलाकडे गेले, कोणत्याही नकाशावर उतरले नाही, आणि म्हणूनच जो कोणी या पाण्याची वाटणी करू पाही त्याच्याकडे हे लोक आपल्या विद्येवर दरोडा घालणारा म्हणून पाहत.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी न्यू इंग्लंडमधल्या नौका स्वतःकडची खडपे उजाड करून दक्षिणेकडे सरकल्या. त्यांच्यापाशी ड्रेज हे नवे अवजार होते. लोखंडी चौकट, तिच्या पुढच्या कडेला दाते, मागे साखळीची पिशवी. शिडाच्या जोरावर नौका पुढे जाते आणि ही पिशवी तळ खरवडीत मागून येते. चिमट्याला जे दिवसभर लागे ते ड्रेज अल्प काळात उपसून काढी. व्हर्जिनियाने १८११ मध्ये आणि मेरीलँडने १८२० मध्ये ड्रेजला मनाई केली. पुढे यादवी युद्धाच्या अखेरीस, १८६५ मध्ये, मेरीलँडने मनाई उठवून परवान्यांचा कायदा केला. खोल पाण्यात ड्रेज चालवावा, परंतु तो केवळ शिडाच्या नौकेवरून. किनाऱ्याजवळचे आणि नद्यांचे उथळ पाणी चिमटेकऱ्यांना राखून ठेवावे. परवान्याची फी सरकारजमा करावी. या कायद्याचे स्वरूप नीट पाहिले तर असे दिसते की कोणी कोठे काढावे एवढेच त्यात ठरविले आहे. किती काढावे, आणि काढल्यावर मागे काय उरावे, याविषयी कायदा मौन आहे. पुढील चाळीस वर्षांच्या साऱ्या रक्तपाताचे मूळ मला या मौनात दिसते.

मालाला गिऱ्हाईक मात्र अमाप होते. बाल्टिमोरमध्ये डब्यांत कालवे भरण्याचे कारखाने उभे राहिले होते, आणि आगगाडीने ते डबे पश्चिमेकडे खाणींच्या वस्त्यांपर्यंत पोचू लागले होते. १८६६ मध्ये जॉन क्रिसफील्ड या वकिलाच्या पुढाकाराने खाडीच्या पूर्व काठावरील सोमर्स कोव्ह या खेड्यापर्यंत लोहमार्ग आला, आणि त्या खेड्याचे क्रिसफील्ड नावाचे शहर झाले. या शहराची कथा विलक्षण आहे. सोललेल्या कालवांची शिंपली पाण्यात टाकून टाकून जी भर पडली तिच्यावर धक्के, वखारी आणि रस्ते उभे राहिले. ज्या शिंपल्यांनी खाडीच्या तळाशी पुढची पिढी वाढवावयाची, त्यांच्यावर दारूचे गुत्ते आणि कोठारे वसली. १८८४-८५ च्या मोसमात एकट्या मेरीलँडने दीड कोटी बुशेल कालवे काढली. बुशेल म्हणजे मोठी पाटी भरेल एवढे माप. हा आकडा पुन्हा कधीही गाठला गेला नाही.

या दीड कोटी बुशेलांपैकी फार मोठा भाग ड्रेजच्या नौकांनी आणला, आणि त्या नौकांवर रहाट फिरविणारे जे हात होते त्यांची हकीगत या इतिहासातली सर्वांत काळी आहे. यंत्राचा रहाट येण्यापूर्वी भरलेला ड्रेज हातांनीच वर ओढावा लागे. बर्फाळ वाऱ्यात, निसरड्या फळ्यांवर, चार माणसांनी दांडा फिरवीत राहावे, आणि मधूनच दांडा हातून सुटला की तो उलटा फिरून माणसाची हाडे मोडी. शिंपल्यांच्या धारेने तळहात कापत आणि जखमा चिघळत. हे काम स्थानिक माणूस शक्यतो टाळी. म्हणून बाल्टिमोर आणि न्यूयॉर्कच्या बंदरांत नुकतेच उतरलेले जर्मन, आयरिश, इटालियन असे भाषाही न कळणारे लोक दलालांमार्फत, कधी फसवून, कधी दारू पाजून नौकांवर चढविले जात. मोसम संपेपर्यंत त्यांना किनारा दिसत नसे. मजुरीच्या हिशेबाच्या वेळी कप्तान सुकाणू असे काही फिरवी की शिडाचा आडवा वासा एकाएकी झोका घेऊन मजुराला पाण्यात लोटी, आणि हिशेब मिटे, अशी एक गोष्ट खाडीच्या दोन्ही काठांवर आजही सांगितली जाते. असे किती वेळा घडले हे कोणी मोजलेले नाही; परंतु मेरीलँडमधील जर्मन समाजाच्या संस्थेने १८८० च्या दशकात या मजुरांची गाऱ्हाणी न्यायालयापर्यंत नेली, हे दप्तराने सिद्ध आहे, आणि १९०६ मध्ये संघराज्याच्या काँग्रेसला माणसे अशी पळवून नौकेवर नेण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला.

येथे तोंडी इतिहासाच्या अभिमान्यांना एक गोष्ट परखडपणे सांगितली पाहिजे. वाशाच्या तडाख्याची ही गोष्ट आपल्याला सांगतात ते कप्तानांचे नातू. ज्यांना तडाखा बसला ते दूरदेशीचे, एकटे, बहुधा निरक्षर तरुण होते. त्यांची वस्ती झाली नाही, त्यांना नातवंडे झाली असतील तर ती अन्यत्र कोठे तरी, दुसऱ्याच धंद्यात असतील. कैफियत देण्यासाठीसुद्धा माणसाला एक गाव लागते, त्याचे ऐकणारे शेजारी लागतात. ज्यांना ते लाभले नाही त्यांच्यापुरते कोर्टाचे कागदच अधिक बोलके आहेत. तेव्हा दप्तर खोटे आणि वाणी खरी, असा सरसकट निवाडा या विषयात करता येत नाही.

कायदा मोडला जाऊ लागला हे सांगणे नकोच. खोल पाण्यातली खडपे विरळ होताच ड्रेजवाले रात्रीच्या वेळी नद्यांच्या मुखांत, चिमटेकऱ्यांच्या हद्दीत शिरू लागले, आणि चिमटेकरी किनाऱ्यावरून बंदुका चालवू लागले. मेरीलँडने १८६८ मध्ये यासाठी एक स्वतंत्र पोलीस दल उभारले. लोक त्याला कालवांचे आरमार म्हणत. त्याचा पहिला सरदार हंटर डेव्हिडसन हा यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने पाणसुरुंगांचे काम केलेला अधिकारी होता. थोड्याशा नौका, परवान्यांच्या फीवर चालणारा खर्च, पक्षाच्या वशिल्याने होणाऱ्या नेमणुका आणि शेकडो मैलांचा किनारा, अशी या आरमाराची अवस्था होती. तरी डिसेंबर १८८८ मध्ये चेस्टर नदीत त्याच्या ‘गव्हर्नर मॅक्लेन’ या वाफेच्या नौकेने एकत्र बांधून ठेवलेल्या ड्रेज-नौकांच्या ताफ्यावर धडक मारून काही नौका बुडविल्या, आणि गस राईस नावाच्या कुख्यात कप्तानाची त्या नदीवरची दहशत संपविली. व्हर्जिनियात तर खुद्द गव्हर्नर विल्यम कॅमेरॉन मोहिमेवर निघाला. १८८२ च्या फेब्रुवारीत त्याने रॅपाहॅनॉकच्या मुखाशी सात नौका पकडून विजय मिळविला. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या मोहिमेत मात्र ‘डान्सिंग मॉली’ नावाची एक नौका, जिच्यावरचे पुरुष सरपणासाठी किनाऱ्यावर गेले होते, ती कप्तानाच्या बायकोने आणि मुलींनी शीड उभारून गव्हर्नरच्या वाफेच्या नौकांसमोरून निसटवून नेली. किनाऱ्यावर जमलेले लोक त्या बायकांच्या नावाने जयघोष करीत होते. सत्ता जेव्हा लोकांच्या उपजीविकेवर चालून जाते तेव्हा कायदा तिच्या बाजूला असूनही लोकांची सहानुभूती कोणीकडे जाते याचा हा उत्तम दाखला आहे.

परंतु नौका, तोफा आणि कप्तान यांच्या या कथांत खाडीकाठचे अर्धे जग अदृश्य होते. आणलेली कालवे सोलावी लागत, आणि ते काम वखारींत चाले. लाकडी कप्प्यांत दिवसभर उभे राहून, डाव्या हातात कालव धरून उजव्या हातातल्या सुरीने त्याचा सांधा उकलावयाचा आणि मांस अखंड बाहेर काढावयाचे. हे कसबाचे काम होते. मजुरी गॅलनच्या मापाने मिळे, आणि पुष्कळ ठिकाणी भरलेल्या मापागणिक वखारीचे नाव कोरलेला धातूचा बिल्ला हाती पडे, जो नंतर रोख पैशांत मोडून घ्यावयाचा. सोलणाऱ्यांत कृष्णवर्णीय स्त्रीपुरुष फार मोठ्या संख्येने होते. या स्त्रियांच्या ज्या मुलाखती नोंदल्या गेल्या आहेत त्या वाचताना मन थांबते ते दोन गोष्टींपाशी. एक, पहाटे घर सोडण्यापूर्वी आणि रात्री परतल्यावर करावयाचे घरकाम त्या आपल्या कामाच्या वेळेत धरीतच नाहीत. आणि दुसरी, वखारीतले गाणे. एकीने भजनाचा चरण उचलावा, दुसऱ्या टोकाकडून तो झेलला जावा, आणि सुऱ्या त्या तालावर चालाव्यात, असे वर्णन अनेकींच्या तोंडी आहे. मालकांना हे गाणे कामाचा वेग वाढविणारे म्हणून आवडे. गाणारणींच्या कैफियतीत ते थंडी, दुर्गंधी आणि उभ्या पायांचा ठणका विसरविणारे आहे. सॉलोमन्सची लोअर यांची कालवांची वखार १९७८ मध्ये बंद पडली आणि आता ती संग्रहालयाचा भाग झाली आहे. तिची इमारत १९३३ च्या वादळानंतर, १९३४ मध्ये नव्याने बांधलेली.

बाल्टिमोरच्या पोलिश वस्त्यांतील कुटुंबांची कथा याहून कष्टाची आहे. उन्हाळ्यात ही कुटुंबे मेरीलँडच्या शेतमळ्यांत राबत, आणि हिवाळा आला की कंत्राटदार त्यांना मुलाबाळांसह आगगाडीत घालून दक्षिण कॅरोलायना आणि मेक्सिकोच्या आखातावरील मिसिसिपीच्या किनाऱ्यापर्यंत कालवे सोलण्यासाठी नेत. १९११ च्या सुमारास लुईस हाइन या छायाचित्रकाराने राष्ट्रीय बालमजुरी समितीसाठी ब्लफ्टन, पोर्ट रॉयल, बिलॉक्सी येथील या वखारींची छायाचित्रे घेतली. शिंपल्यांच्या ढिगाऱ्यापाशी हातात सुरी घेऊन उभी असलेली पाचसहा वर्षांची मुले त्यांत आहेत. हाइन प्रत्येक छायाचित्राखाली त्या मुलाचे वय, कामाचे तास आणि मिळकत लिहून ठेवी. या चार चार ओळींच्या टिपणांना मी तोंडी इतिहासाच्या आद्य कागदांत गणतो, कारण त्यांतली माहिती त्याने त्या मुलांच्याच तोंडून घेतलेली आहे.

कृष्णवर्णीयांविषयी आणखी थोडे लिहिले पाहिजे. गुलामगिरीच्या काळात खाडीवरच्या नौकांवर त्यांची संख्या मोठी होती, आणि नौका म्हणजे पलायनाचे साधन हे गोऱ्या मालकांना ठाऊक असल्यामुळे १८३६ मध्ये मेरीलँडने अशा नौकांवर गोरा मनुष्य मुख्य असलाच पाहिजे असा कायदा केला. जे स्वतंत्र कृष्णवर्णीय स्वतःच्या होडीवर पोट भरीत होते त्यांना ही जाचणूक असह्य झाली, आणि पूर्व काठावरील स्नो हिल परिसरातील काही कुटुंबे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावर सँडी ग्राऊंड या वस्तीत जाऊन राहिली. तेथे त्यांनी कालवांच्या कमाईवर घरे बांधली, प्रार्थनामंदिर उभारले आणि पन्नासएक वर्षे सुस्थितीत काढली. न्यूयॉर्कच्या सांडपाण्याने बंदराचे पाणी विषारी झाले, विषमज्वराचा दोष कालवांवर आला आणि १९१६ च्या सुमारास आरोग्य खात्याने तेथली खडपे बंद केली. त्याबरोबर वस्तीचा आधार तुटला. १९५६ मध्ये जोसेफ मिचेल या लेखकाने तेथील एका वृद्ध गृहस्थाचे बोलणे जसेच्या तसे येऊ देऊन जो दीर्घ लेख न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकात लिहिला, त्यामुळे ही वस्ती विस्मृतीतून वाचली. यादवी युद्धानंतर मेरीलँडमध्येही परिस्थिती पालटली होती. सेंट मायकल्स येथे १९०२ मध्ये कोलबोर्न आणि ज्युवेट या दोन कृष्णवर्णीय भागीदारांनी काढलेली कालवे-खेकड्यांची पेढी त्या गावातला एक मोठा उद्योग ठरली.

खाडीच्या मध्यावर स्मिथ आणि टँजियर ही सखल बेटे आहेत. मेथॉडिस्ट पंथाची कडक शिस्त, परस्परांत गुंतलेली चारपाच आडनावे आणि पाण्याखेरीज दुसरी जमीन नाही, असे हे जीवन. हेमंतात पुरुष आठवडाभर ड्रेजवर जात तेव्हा बायका पातळ पातळ थरांचा गोड केक करून बरोबर देत, असे स्मिथ बेटावरच्या वृद्धा सांगतात; तो आठदहा थरांचा केक २००८ मध्ये मेरीलँडचे अधिकृत मिष्टान्न ठरला. जवळच्या हॉलंड बेटावर १९१० मध्ये साडेतीनशेच्या आसपास माणसे राहत होती. समुद्र बेट खाऊ लागला तशी लोकांनी आपली घरे उतरवून नौकांवर घातली आणि क्रिसफील्डला नेऊन पुन्हा उभी केली. मागे राहिलेले शेवटचे घर ऑक्टोबर २०१० मध्ये कोसळले.

आता विज्ञानाकडे वळले पाहिजे, कारण या इतिहासाची खरी शोकांतिका तेथे आहे. १८७८-७९ मध्ये नौदलाचा लेफ्टनंट फ्रान्सिस विन्स्लो याने टँजियर आणि पोकोमोक भागांतील खडपांची मोजणी केली आणि ती खालावत आहेत असे लिहून दिले. त्याच सुमारास जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठाचा विल्यम कीथ ब्रुक्स हा प्राणिशास्त्रज्ञ क्रिसफील्डमध्ये येऊन बसला, आणि चेसापीकच्या कालवाची अंडी मादीच्या शरीराबाहेर, पाण्यातच फलित होतात हे त्याने प्रयोगाने दाखविले. राज्याच्या चौकशी मंडळाचा प्रमुख म्हणून १८८४ मध्ये त्याने जो अहवाल दिला, त्याचा इत्यर्थ असा की नुसत्या गस्तीने आणि दंडाने काही साधणार नाही. तळाचे पट्टे खाजगी माणसांना कराराने द्यावेत, त्यांनी तेथे शिंपली पेरून कालवांची शेती करावी, अन्यथा हा ठेवा संपेल. हाच विचार त्याने १८९१ मध्ये ‘द ऑइस्टर’ या ग्रंथात सामान्य वाचकांसाठी मांडला. विधिमंडळाने त्याचे अर्धेमुर्धे ऐकले. १८९० मध्ये अडीच इंचांहून लहान कालवे परत पाण्यात टाकण्याचा चांगला कायदा झाला. १९०६ मध्ये हामन कायद्याने पट्टे देण्याची वाट किलकिली उघडली, परंतु खाडीवरच्या मतदारांच्या दडपणाने १९१४ मध्ये ती पुन्हा जवळपास बंद करण्यात आली.

ब्रुक्सपासून आजपर्यंतचे बहुतेक शास्त्रज्ञ या विरोधाला अज्ञान आणि हट्ट म्हणत आले. कैफियती वाचल्यावर मला तसे म्हणवत नाही. जमिनीचे काय झाले ते या लोकांनी पाहिले होते. खाडीचा तळ सर्वांचा आहे, ज्याच्या अंगात बळ आणि हातात चिमटा आहे त्याला कोणाची नोकरी न करता पोट भरता येते, हा त्यांच्या साऱ्या स्वाभिमानाचा पाया होता. तळाचे पट्टे पडले तर ते वखारवाल्यांच्या आणि बाल्टिमोरच्या भांडवलवाल्यांच्या हाती जातील, आणि आपण आपल्याच बापाच्या पाण्यावर रोजंदारीचे मजूर होऊ, ही भीती त्यांच्या बोलण्यात सदैव येते. ही भीती निराधार नव्हती. दुर्दैव असे की जे सर्वांचे ते राखण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच ठरली नाही. त्यांनी मालकी नाकारली हे समजण्यासारखे आहे, पण एकत्र बसून स्वतःवर मर्यादा घालून घेतली नाही हे त्यांचे त्यांनाच शेवटी भोवले. यांपैकी पुष्कळ वृद्धांनी उतारवयात हे मोकळेपणी मान्य केले आहे.

एक मर्यादा मात्र चमत्कारिक रीतीने टिकली, ती शिडाची. मेरीलँडमध्ये ड्रेज शिडावरच चालवावा हा १८६५ चा नियम इंजिनाच्या युगातही राहिला, आणि त्यामुळे १८९० च्या सुमारास निघालेली स्किपजॅक ही उथळ तळाची, एका डोलकाठीची नौका विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पोटापाण्याच्या कामावर होती. अकार्यक्षमतेचा हा नियम हेच खडपांचे संरक्षण होते. १९६७ मध्ये आठवड्यातून दोन दिवस मागून ढकलणाऱ्या इंजिनाच्या होडीची मुभा मिळाली, आणि बहुतेक कप्तान त्या दोन दिवसांपुरतेच बाहेर पडू लागले.

हद्दीचा तंटाही तेवढाच चिवट निघाला. पोटोमॅक नदी १६३२ च्या सनदेने दक्षिण काठापर्यंत मेरीलँडची. तिच्यावर दोन्ही राज्यांच्या लोकांना मासेमारीचा हक्क देणारा तहनामा १७८५ मध्ये माउंट व्हर्नन येथे झालेला. तरीही १९५९ च्या एप्रिलमध्ये रात्री ड्रेज चालविणाऱ्या नौकेचा पाठलाग करताना मेरीलँडच्या पोलिसांच्या गोळीने व्हर्जिनियातला एक माणूस ठार झाला. नदीकाठच्या कोलोनियल बीच या गावातल्या वृद्धांच्या आठवणीत तो दिवस पक्का आहे. त्यानंतर दोन्ही राज्यांचे संयुक्त मंडळ नेमण्याचा नवा करार पुरा झाला आणि १९६२ मध्ये काँग्रेसने त्याला मान्यता दिली.

तोवर भांडण्याजोगे थोडेच उरले होते. १९४९ मध्ये एक आणि १९५९ मध्ये दुसरा, असे दोन परोपजीवी रोग खाडीत आढळले. ते माणसाला अपायकारक नाहीत, परंतु कालवाला मोठे होऊ देत नाहीत, आणि पाऊस कमी होऊन पाणी खारट झाले की अधिकच फैलावतात. १९७२ च्या जूनमधील ॲग्नेस वादळाने गोड्या पाण्याचा आणि गाळाचा लोंढा आणून उरलेल्या खडपांवर चिखल पसरला. सांडपाणी आणि शेतांतली खते यांनी पाणी गढूळ झाले, आणि ते गाळून स्वच्छ करणारे कालव, जे पूर्ण वाढ झाल्यावर दिवसाला दीडदोनशे लिटर पाणी गाळू शकते, तेच नाहीसे झाल्यामुळे गढूळपणा आणखी वाढला. २००३-०४ च्या मोसमात मेरीलँडमध्ये सुमारे सव्वीस हजार बुशेल कालवे निघाली. २००९ मध्ये मेरीलँडच्या विधिमंडळाने तळाचे पट्टे कालवांच्या शेतीसाठी कराराने देण्याचा मार्ग मोकळा केला. ब्रुक्सने आपला अहवाल सादर केल्याला तेव्हा सव्वाशे वर्षे झाली होती. आज त्या पट्ट्यांवर शेती करणाऱ्यांत जुन्या चिमटेकऱ्यांची नातवंडेही आहेत.